डब्यांतून झालेली ओळख

मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा मला स्वयंपाकातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. तांदूळ निवडायला यायचे आणि चहा करता यायचा, तोही असा की वडील म्हणायचे, मुंबईच्या नळाला रंग आलाय. आई मला स्वयंपाकघरात फिरकू देत नसे. "तू शिक, मग नोकरी कर. इथे दोघी घुसलो तर कोपर कोपराला लागतं," असं म्हणून ती मला बाहेर घालवायची. आणि ते खरंच होतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक आडोसा होता. त्यात एक शेगडी, एक स्टो आणि आई एवढंच मावायचं.

नोकरी मिळाली ती परळच्या एका मुलींच्या शाळेत. मी गिरगावातून ट्रामने जायचे. शाळेत मोठ्या शिक्षकांची खोली वेगळी होती. आम्हा नव्या बायकांना नकाशे ठेवायच्या खोलीत जागा दिली होती. भिंतीला टेकवलेले गुंडाळीचे नकाशे, एक मोडकं टेबल, दोन बाकं. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी तिथेच डबे उघडायचो.

बाकीच्या दोघींपैकी एक लालबागची. मूळची मालवणकडची, लग्न झालेली, बोलायला मोकळी. तिचा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि सासूही गिरणीत कामाला जायची. दुसरी नायगावच्या बीडीडी चाळीतली. तिचं घर मूळ सातारा भागातलं. ती सडसडीत, कमी बोलणारी, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पहिले काही दिवस ती आमच्याकडे पाठ करून खिडकीशी जेवायची. मला वाटायचं, लाजते.

एक दिवस लालबागचीने बाकावरूनच हाक मारली, "बाई, तिकडे काय एकट्याच? तुमच्या डब्याचा वास इथपर्यंत येतोय. आम्ही नुसता वासच घ्यायचा का?"

ती वळली. डबा तसाच हातात धरून म्हणाली, "मी कुठल्या समाजातली, ते माहीत आहे ना तुम्हाला? आधीच्या शाळेत एकीच्या डब्याला माझा हात लागला, तर तिने तो डबा माझ्यासमोर गटारात ओतला होता. पुन्हा तसं बघायची माझी तयारी नाही."

लालबागची बाकावर सरकली आणि जागा करत म्हणाली, "माझ्या घरी इतकं उरतच नाही की ओतता येईल. या, बसा. काय आणलंय?"

नायगावचीने घेवड्याची उसळ आणली होती. बारीक, ठिपक्यांचा घेवडा, त्यात शेंगदाण्याचा कूट, काळं तिखट, वर तेलाचा तवंग. मी आयुष्यात असलं काही खाल्लं नव्हतं. आमच्याकडे उसळीत नारळ आणि गोडा मसाला, चिमूटभर गूळ. ही उसळ जिभेला चटका द्यायची आणि मग शेंगदाण्याने तो चटका पुसून टाकायची. मी माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं तिच्या झाकणात घातलं. लालबागचीकडे बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळ घातलेलं, घट्ट. त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा आम्हाला ऐकू आली नाही. वर्गातल्या मुलीच बोलवायला आल्या.

संध्याकाळी घरी गेल्यावर आईने नेहमीसारखं विचारलं, "बिरडं पुरलं का?"

"मला नाहीच मिळालं फारसं. मैत्रिणींनी खाल्लं."

आईचा चेहरा उजळला. "काय म्हणाल्या?"

"लालबागची म्हणाली, घरी नेते थोडं, सासूबाईंना दाखवते."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. लालबागचीने सासूचा आवाज काढून तो आम्हाला ऐकवला, "आवशीक सांग म्हणा, बिरडां बरां झालाहा. पण खोबऱ्यात हात आखडलो."

मी तो घरी आईला जसाच्या तसा सांगितला. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "खोबऱ्यात हात आखडला? बिरड्यात खोबरं ओतलं की वालाची चव जाते, म्हणावं. आणि विचार त्यांना, ते वाल सोलतात कसे." मग तिने मला सगळं सांगितलं, मी सासूबाईंना सांगावं म्हणून. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात सोडायचे म्हणजे सालं बोटाने सुटतात. शिजताना डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर डाळिंब्या, म्हणजे सोललेले वाल, मोडतात. कोकम अगदी शेवटी, कारण आधी आंबट घातलं की वाल अडून बसतो. मी मन लावून ऐकलं, कारण दुसऱ्या दिवशी मला ते न चुकता सांगायचं होतं. माझा स्वयंपाकाचा पहिला धडा मला असा मिळाला, निरोप्या म्हणून.

मग हे चालूच राहिलं. लालबागच्या सासूबाईंना सगळे "आये" म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. आये आणि आई एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण त्यांचं बोलणं रोज व्हायचं. आये कळवायच्या की सुकट भिजवत घालायची नसते, आधी तव्यावर कोरडीच परतायची, मग धुवायची. आई कळवायची की सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, खिचडीत बटाटा मोठा चिरावा. आये तिरफळं पाठवायच्या, आई घरचा मसाला पुडीत बांधून द्यायची. कौतुक क्वचितच व्हायचं. पण डबा धुऊन, त्यात दुसरं काहीतरी भरूनच परत यायचा.

नायगावचीच्या डब्याचं मात्र आमच्या घरी वेगळं झालं.

तिने मला शेंगदाण्याची चटणी दिली होती, तिच्या आईने उखळात कुटलेली. मी ती घरी आणली आणि कौतुकाने पुढे ठेवली. आईने विचारलं, ही मुलगी राहते कुठे, घर कुठलं, वडील काय करतात. मी सांगितलं. तिने आडनाव विचारलं, तेही सांगितलं. डबी उचलून तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, स्वयंपाकघराच्या बाहेर.

रात्री वडील जेवायला बसले. आमटी बेताची झाली असावी, कारण ते इकडेतिकडे बघायला लागले. त्यांना डबी दिसली. "ते काय आहे?" त्यांनी उठून ती आणली, उघडली, भातावर चटणी घेतली, तेल मागितलं. दुसऱ्यांदा घेतली. "कुणी केली गं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या विचार, आणखी मिळेल का."

"तुमचं काय जातंय म्हणायला," आई शेगडीकडे तोंड करून म्हणाली. "चाळीला तोंड मला द्यावं लागतं."

"चाळीला सांग, मी खाल्ली."

दोनएक दिवसांनी मी शाळेतून आले, तर ती डबी शेगडीजवळ होती आणि जवळजवळ रिकामी होती. आई भाजी चिरत होती. वर न बघता तिने विचारलं, "ह्यात लसूण कच्चा कुटलाय, की भाजून?"

"मला नाही माहीत."

"मग विचारून ये. आणि जिरं आधी घालतात की नंतर, तेही विचार."

मी नायगावचीला ते विचारलं, तेव्हा तिने मला नीट निरखून पाहिलं. "तुझ्या आईने विचारलंय?"

"हो."

"कच्चा, म्हणावं. सालासकट. आणि दाणे मंद आचेवर भाजायचे, डाग पडू द्यायचे नाहीत. डाग पडला की चटणी कडवट होते." मग जरा थांबून म्हणाली, "जिरं नंतर." आणि ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

यानंतर बोलणं तिहेरी झालं. आई घेवड्याची उसळ करायला लागली. कूट आधी घातला, तो तळाला लागला, त्यावरून निरोप गेला. उत्तर आलं: कूट सर्वांत शेवटी, आणि घातल्यावर एकच उकळी. मीही हळूहळू शेगडीजवळ बसायला लागले. आईचं कोपर लागायचं, पण आता तिला विचारायला कुणीतरी हवं असायचं, "त्या काय म्हणाल्या होत्या गं?"

त्या दिवसांत मुंबई तापत होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून लालबाग-परळहून मोर्चे निघायचे. शाळेच्या खिडकीतून घोषणा ऐकू यायच्या आणि मुली गणित सोडून माना वळवायच्या. आम्हीही वळवायचो. लालबागचीचा नवरा प्रत्येक मोर्चात असायचा. ती म्हणायची, "ह्याला जेवण नसलं तरी चालतं, घोषणा हव्यात."

मग हिवाळ्यातल्या एका दिवशी शाळा भरली आणि तासाभरातच सोडून द्यावी लागली. कुठेतरी गोळीबार झाल्याची बातमी आली होती. आम्ही मुलींना गटागटाने घरी पोचवलं. मोठ्या मुलींना त्यांच्या बापांनी, भावांनी नेलं. सगळ्या गेल्या, तोवर ट्राम बंद झाल्या होत्या. रस्त्यावर दगडांचा खच होता, आणि अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते. गिरगाव दूरच राहिलं, पण नायगावकडे जाणारा रस्ताही पोलिसांनी अडवला होता.

लालबागचीने आमच्या दोघींचे हात धरले. "चला. आमच्याकडे."

"घरी कळवणार कसं?" मी म्हणाले. मी रडायच्या बेतात होते.

"जिवंत राहिलीस तर कळवशील. चल."

गल्ल्यागल्ल्यांतून आम्ही त्यांच्या चाळीत पोचलो. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला, एकच खोली. दारात एक ठेंगणी, काळीसावळी, कासोटा घातलेली बाई उभी होती. डोक्यावरचे केस पिकलेले, हात सुतळीसारखे पिळदार. मी ओळखलं. आये.

"इल्यात? भितर येवा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू बिरड्याचा चेडू. आणि तू चटणयेचा." दोघी पोरींची पारख त्यांनी अशी एका झटक्यात केली. "माझो झील खय आसा, कोणाक म्हायत?"

मुलाचा पत्ता कुणालाच नव्हता. तो सकाळी मोर्चात गेला होता. लालबागची गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ आत आली नाही. खाली शिट्ट्या, पळापळ, मग एकदम शांतता. संचारबंदी लागली होती.

आये सुनेजवळ गेल्या, नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या. मग आत येऊन म्हणाल्या, "चला, रांधूया. तो येतलो तेवां त्येका भूक लागलेली असतली."

घरात काय होतं? तांदूळ, थोडं खोबरं, कोकम, लसूण, गुळाचा खडा आणि एका डब्यात कुळथाचं पीठ. बाजार बंद, मासळी नाही, भाजी नाही. आये म्हणाल्या, कुळथाची पिठी करू. मी पाट्यावर लसूण ठेचायला बसले. नायगावची दाराशीच उभी होती, चपला काढून, पण उंबऱ्याच्या बाहेर. आयेंनी तिच्याकडे पाहिलं.

"थंय कित्या उभी? पीठ कोण कालवतलो? माझे हात दुखतत."

ती आत आली. डबा उघडून तिने चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, हुंगलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. "अहो आये, हे तर हुलगे! आमचे हुलगे!"

"हुलगे कसले? कुळीथ म्हणतत त्येका."

"आमच्याकडे हुलगे म्हणतात. आम्ही ह्याचं माडगं करतो. गूळ घालून. पावसाळ्यात, आजाऱ्याला, बाळंतिणीला."

आयेंनी फोडणीत टाकायचा लसूण हातातच धरला. "गूळ? कुळथात गूळ घालतत?"

"घालतात की. वर दूध पण."

"देवा रे," आये म्हणाल्या. "बाय माझे, तुमका कोणी मासे दिलेच नाय काय?"

दाराशी उभी असलेली लालबागची हे ऐकून हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली. त्या दुपारी आमच्यावर काय ओझं होतं हे आम्हालाच माहीत, पण चौघी त्या एका पिठावरून भांडलो. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. आयेंनी पिठी केली: लसणाची फोडणी, पाणी, कोकम, आणि थंड पाण्यात कालवलेलं पीठ एका धारेने सोडायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. गरम पाण्यात कालवलंस तर गोळे होतात, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. नायगावचीने तेच पीठ कोरडं भाजून घेतलं, खोलीभर खरपूस वास सुटला, मग गूळ विरघळवलेल्या पाण्यात सोडलं. दूध नव्हतं, म्हणून तिने थोडं खोबरं वाटून त्याचं दूध घातलं. "आईला कळलं तर मारेल मला," ती पुटपुटली. आयेंनी बोटाने चव घेतली, तोंड वाकडं केलं, आणि मग पुन्हा बोट घातलं.

तो दिवस तसाच गेला. संध्याकाळी जेवताना कुणी पोटभर जेवलं नाही. आम्ही ओळीने जमिनीवर आडव्या झालो. मी आईवडिलांचा विचार करत होते, शेजारी नायगावची तिच्या घरच्यांचा. मधेच ती म्हणाली, "माझा धाकटा भाऊ घरात बसणारा नाही." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते मी?

दुसऱ्या दिवशी दुपारी लालबागचीचा नवरा आला. आधी गॅलरीत गलका झाला, मग तो दारात उभा राहिला. सदरा फाटलेला, गुडघा सुजलेला, चेहरा काळवंडलेला. पळापळीत तो भायखळ्याच्या बाजूला गेला होता आणि एका कोळशाच्या वखारीत दडून बसला होता. लालबागची उठली, त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी धपाधप मारायला लागली. तो उभा राहून मार खात होता. आयेंनी पाठ फिरवली आणि त्या भांडी लावायला लागल्या.

"काय आसा जेवूक?" त्याने विचारलं.

भात होता आणि उरलेलं माडगं. त्याने ते भातावर ओतून घेतलं, आमटी समजून. एक घास खाऊन थांबला. "आये, ह्या गोड कित्या?"

"खा गप," आये म्हणाल्या. "सातारचा आसा."

त्याने सगळं संपवलं. वाटी चाटली.

त्यानंतरच्या सकाळी संचारबंदी काही तास उठवली. माझे वडील मला शोधायला शाळेकडे निघाले होते, हे मला मागून कळलं. शाळेला कुलूप, रखवालदार नाही, म्हणून ते तसेच दादरला एका नातेवाइकांकडे चौकशीला गेले. आई घरी थांबणार होती. पण वडील गेल्यावर तिला घरात बसवेना; मी शाळेजवळ लालबागला, आयेंकडेच असणार, असं तिच्या मनाने घेतलं. तिने डोक्यावरून पदर घेतला, एक डबा उचलला आणि ती गिरगावातून चालत निघाली.

माझी आई एकटी भायखळ्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिला पत्ता माहीत नव्हता, चाळीचं नाव माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की लालबागला आये ज्या चाळीत राहतात, तिच्या समोर मसाला कुटून देणारं दुकान आहे, आणि आयेंची मिरची तिथेच कुटली जाते. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर ती विचारत विचारत आली. मसाल्याची दुकानं तिथे एक नव्हे, अनेक. प्रत्येक दुकानासमोरच्या चाळीत जाऊन तिने विचारलं, "शाळेतल्या बाई कुठे राहतात? ज्यांच्या सासूबाई तिरफळ घालून तिखलं करतात?" लोकांनी तिला वेडी समजलं असेल. लालबागला तिरफळ कोण घालत नाही?

घरी निघण्याआधी मी गॅलरीत आयेंचे कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर आई. चप्पल तुटलेली हातात, पाय धुळीने भरलेले, छातीशी डबा. मी जिने कसे उतरले आठवत नाही. तिने मला पाहिलं, खालपासून वरपर्यंत, सगळी शाबूत आहे याची खात्री केली, आणि मग पाठीत एक धपाटा घातला. त्यानंतर मिठीत घेतलं, तिथेच, चाळीच्या दारात. आमच्या घरी असं कुणी करत नसे.

वर आल्यावर ती उंबऱ्यावरच बसली. दम लागला होता. नायगावचीने माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि दोन पावलांवर थांबली. आईने हात पुढे केला, तांब्या घेतला, वरून घटाघटा प्यायली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तू नायगावची ना? तुझ्या आईला सांग, ती चटणी मला तशी जमतच नाही. रोज करते, रोज काहीतरी राहतं."

नायगावची खाली बसली. "उखळ आहे का तुमच्याकडे?"

"उखळ कुठलं? खलबत्ता आहे."

"मग त्यात थोडे थोडेच दाणे घ्या. एकदम घेतले की पीठ होतं."

"बघ! हेच कुणी सांगितलं नाही मला," आई म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच निरोप गिळला होता.

आये मोरीतून हात पुसत आल्या. आई उभी राहिली. इतके महिने डब्यातून भांडलेल्या दोघी बायका समोरासमोर आल्या. मग आईने डबा पुढे केला. "बिरडं आहे. खोबरं जास्त घातलंय."

आयेंनी झाकण उघडलं, पाहिलं. "येवढ्या दंग्यातून ह्यां घेवन इलंस?"

"पोर सापडली नसती तर कुणाला तरी दिलं असतं."

आयेंनी आईचा हात धरून तिला आत नेलं आणि पाट दिला. मग सुरू झालं. वाल कुठल्या दुकानातले, मिरची कुठली घालावी, कोकम जुनं चांगलं की नवं. लालबागचीचा नवरा कोपऱ्यात गुडघ्याला हळद लावून बसला होता. तो म्हणाला, "ह्या दोघींका दिल्लीक धाडूक होयी. मुंबय लगेच मिळतली."

संचारबंदी पुन्हा लागायची वेळ जवळ येत होती. मी दोनदा म्हटलं, "आई, निघायला हवं." आई म्हणाली, "थांब गं, ह्यांची पिठी बघू दे." आयेंनी पिठी करून दाखवली, आई शेजारी उकिडवी बसून बघत होती. शेवटी लालबागचीच्या नवऱ्याने, लंगडत, आम्हाला आणि नायगावचीला रस्त्यापर्यंत सोडलं. जाताना आईचा डबा रिकामा नव्हता. घरी पोचेपर्यंत पिठी झाकणातून गळून तिच्या लुगड्याला लागली होती, आणि वडील दारात उभे होते, रडवेले, रागावलेले. आईने त्यांना काही बोलू दिलं नाही. "आधी जेवा," म्हणाली.

नायगावचीचा भाऊ सुखरूप होता. तिच्या शेजारच्या घरातला एक मुलगा मात्र परत आला नाही. ती कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत जेवत नसे. लालबागची तिच्यापुढे नुसता डबा उघडून ठेवायची. एक दिवस नायगावचीने आपणहून घास उचलला.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास तिच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती आम्हाला सांगताना ताठ बसली होती, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की आम्ही तिचं अभिनंदन करायला उठून उभ्या राहिलो. आईने तिच्या घरी काहीतरी गोड पाठवायचं ठरवलं. काय पाठवावं यावर तिचा दिवस गेला. शेवटी रव्याचे लाडू पाठवले आणि निरोप दिला, पाक जरा पुढे गेलाय, मऊ नाहीत, माफ करा म्हणावं. नायगावचीच्या आईने उलट निरोप पाठवला: दातांना व्यायाम झाला, पण एकही उरला नाही.

लालबागचीचा नवरा सत्याग्रहात तुरुंगात गेला, तेव्हा आई रोज एक डबा जास्त भरायची. मी तो शाळेत न्यायचे, लालबागची घरी न्यायची. आये गिरणीतून थकून यायच्या आणि त्या डब्यावर जेवायच्या. तरीही दुसऱ्या दिवशी निरोप यायचाच: मीठ जास्त, किंवा कांदा कच्चा. आई म्हणायची, "चांगलं आहे. अजून भांडतायत, म्हणजे धीर आहे."

मग मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. त्या दिवशी चाळीचाळींवर दिव्यांच्या माळा होत्या आणि गिरगावात सकाळपासून ताशे वाजत होते. आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. आये पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या, नवीन लुगडं नेसून. स्वयंपाकघराच्या आडोशात डोकावून त्या म्हणाल्या, "येवढ्याशा जाग्यात येवढां रांधतंस? माका वाटला, वाडोच असतलो तुझो." नायगावची तिच्या आईला घेऊन आली होती. तिच्या आईने येतानाच दाणे भाजून आणले होते आणि आमच्या खलबत्त्याकडे बघून मान हलवली होती.

पुरणपोळी आईची, तिखलं आयेंचं, चटणी नायगावचीच्या आईची. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वडील वाढत होते, आणि लालबागचीचा नवरा, तुरुंगातून सुटून बारीक झालेला, सगळ्यांपेक्षा जास्त पोळ्या खाऊन बसला होता. कटाच्या आमटीत गूळ घालावा की नाही, यावर तिन्ही वडीलधाऱ्या बायकांचं एकमत झालं नाही. जेवणं होऊन त्या ओळीने चटईवर कलंडल्या, आणि पडल्यापडल्याही तेच चाललं होतं.

मी आणि नायगावची सगळ्यांत शेवटी बसलो. ताटं संपली होती, धुवायला उठायचा दोघींनाही कंटाळा आला होता, म्हणून एकाच ताटात वाढून घेतलं. बाहेर ताशांचा गजर टिपेला पोचला होता. तिने आमटीत पोळी बुडवली, खाल्ली, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मीठ विसरल्यात आई."

"हळू बोल," मी म्हणाले.

"ऐकलं हो मी," चटईवरून आईचा आवाज आला.